गल्लीवरून गेलेली वायर

“पुढं चालनारीले काटा, मांग चालनारीले वाट.”

विमलताई हे इतक्या वेळा म्हणायची की गल्लीतल्या शेळ्यांनाही ते पाठ झालं असेल. वेचणीला निघताना म्हणायची, नळावर हंडा लावताना म्हणायची, लग्नाच्या पंगतीत पाट ओढून घेतानाही म्हणायची. आणि म्हणताना हमखास वळून इंदुताईकडे बघायची, कारण मागे चालणारी बहुतेक वेळा इंदुताईच असायची.

दिग्रसच्या आमच्या मोहल्ल्यातून कापूस वेचायला बायकांची टोळी निघे. टोळीत गाणं उचलायची ती विमलताई. तिचा आवाज उंच आणि थोडा खरखरीत, पहिल्यांदा नेसलेल्या कोऱ्या लुगड्यासारखा. पहिली ओळ ती टाकायची. मग इंदुताई झील धरायची, म्हणजे तीच ओळ मागून म्हणायची, आणि तिच्यामागून बाकीच्या. इंदुताईचा आवाज मऊ, वेचलेल्या कापसात हात घालावा तसा. रोज वावरात उतरलं की वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधता बांधता ती म्हणे, “ताई, उचल.” तिनं म्हटल्याशिवाय विमलताई उचलत नसे.

गाणी रचायचीही विमलताईच. तिची एकुलती एक लेक आर्णीला दिलेली. लेक सासरी गेली त्या वर्षी वेचता वेचता तिनं जोडलं होतं:

“बोंड फुटलं फुटलं, दात काढून हासलं,
आर्णीच्या माह्या लेकीचं, सुख ओटीत साचलं.”

मग कापसाचे दिवस फिरले. अळीनं बोंडं आतून पोखरली, बाजारात कापसाच्या भावानं मान टाकली, आणि निम्म्या वावरांत सोयाबीन आलं. सोयाबीन कापायचं, ढीग घालायचा आणि थ्रेशरमध्ये लोटायचं. थ्रेशरच्या आवाजात कोण गाणार? सोयाबीनला गाणं नाही. टोळी निम्मी झाली, आणि जी उरली ती मुकी चालू लागली.

याची हळहळ वाटली धम्मरत्नाला. हा विमलताईच्या बहिणीचा मुलगा, तिच्या समोरच राहणारा. गावात कंप्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं वेचणीची गाणी जपायचं ठरवलं. इंटरनेटवर फुकट जागा मिळे, पण चिमूटभर. दोन गाण्यांत भरून जाई. तेव्हा त्यानं नागपूरहून जुना कंप्युटर आणला, पुढच्या खोलीत मांडला, त्याचा एका बाजूचा पत्रा उष्णतेपायी काढून ठेवला आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. टेलिफोनच्या तारेवरून त्याला जगाशी जोडलं. हाच त्याचा सर्व्हर.

“म्हणजे काय रे?” लोकांनी विचारलं.

“दारातला रांजण समजा,” तो म्हणाला. “कोणी कुठूनबी यावं, गाणं पिऊन जावं. आपल्या घरचा रांजण, आपणच भरायचा. फक्त चोवीस तास उघडा राहिला पाहिजे.”

नेमकी त्याच महिन्यात विमलताई आर्णीला होती, लेकीच्या बाळंतपणाला. धम्मरत्नाला धीर नव्हता. त्यानं हाताशी होती तिला माईकसमोर बसवलं. हाताशी इंदुताई होती.

विमलताई एसटीतून उतरून पिशवी घेऊन गल्लीत शिरली तेव्हा धम्मरत्नाच्या खिडकीतून गाणं येत होतं. ती जागीच थांबली. आर्णीच्या लेकीचं सुख ओटीत साचत होतं, आणि ओटी इंदीची होती.

“कोन गाऊन राह्यलं हे?” तिनं खिडकीतूनच विचारलं.

“इंदू मावशी. तू नव्हती ना इथं. आता तुह्यंबी घेतो, ये, बस.”

“तिले आर्णीले लेक हाय का रे? दोन पोरं हायत तिले, तेबी सुरतेले.”

“गाणंच आहे मावशी ते.”

“मले कुठं बसवतं?”

“इथंच, माईकसमोर.”

“ते नाही इचारलं. तिच्या पुढं का मांग?”

धम्मरत्न हसला, आणि तिथंच चुकला. “त्याच्यात कायचं पुढं-मांग? तिचं आहेच, तुह्यं खाली येईल.”

“खाली,” विमलताई म्हणाली.

“बरं, वर टाकतो मंग.”

“आता टाकशील. मी सांगतल्यावर.” तिनं पिशवी उचलली आणि समोरचं आपलं दार उघडलं. नंतर त्यानं पुष्कळदा म्हटलं, पण माईकसमोर ती बसली नाही.

आता विजेचं सांगतो. त्या वर्षांत लोडशेडिंगनं माणसाचं जेवणखाणही ठरत असे. आमची गल्ली म्हणजे दोन फीडरची, विजेच्या दोन वेगळ्या लाइनींची शीव. धम्मरत्नाची बाजू जुन्या गावाच्या फीडरवर, तिची दुपारी जाई. विमलताईची बाजू जिनिंगकडच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडच्या फीडरवर, तिची संध्याकाळी. एका बाजूला पंखा फिरे तेव्हा दुसऱ्या बाजूला पुठ्ठे हालत. सर्व्हर रोज दुपारी मरून पडे. अखेर धम्मरत्न मावशीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, दुपारपुरती तुझ्या घरून एक वायर दे, बिलाचं मी बघतो.

विमलताई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं असतं तर सगळ्या गल्लीनं म्हटलं असतं, विमल जळते. ते तिला इंदीच्या गाण्याहून जड होतं.

“घे,” ती म्हणाली. “आपल्या मनात काही नाही.”

काळी वायर गल्लीवरून गेली. तिच्या घरातल्या बोर्डावर एक नवं बटण बसलं. वीज गेली की धम्मरत्नाकडचा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा छोटा डबा, शिट्या मारायचा. तो थोडाच वेळ तग धरी. शिटी ऐकली की विमलताईनं बटण दाबायचं. ती दाबायची, रोज, न चुकता. दाबून म्हणायची, “पाजलं बाप्पा तुमच्या इंदीले पानी.”

पण धम्मरत्नाच्या खिडकीतून टेलिफोनच्या तारेला जोडलेला मोडेम दिसे, आणि त्यावर हिरवा दिवा होता. दूर कुठं कोणी गाणं मागितलं की तो लुकलुके. विमलताई आपल्या ओट्यावर बसून त्याच्याकडे बघे. तो लुकलुकला की तिच्या हातातलं काम थांबे. स्थिर झाला की परत चाले. तिच्या घरच्या विजेवर, तिच्या लेकीचं गाणं, तिची झीलवाली जगाला ऐकवत होती, आणि जग येत होतं. “डोया मारते मेलं,” ती दिव्याला म्हणायची. रात्री भाकरी कोरडी लागते म्हणून तिनं पीठ बदललं. खोट पिठात नव्हती.

एक दिवस नागपूरच्या कॉलेजातल्या भैरवी मॅडमनी कळवलं की त्यांचा वर्ग दुपारी ही गाणी ऐकणार आहे. धम्मरत्नानं तिघाचौघांना बोलावलं. मीही गेलो. इंदुताई ठेवणीतलं पातळ नेसून आली आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसली. येताना तिनं समोर विमलताईला हाक दिली होती, “ताई, येतं का?”

“मले कायले? मी बटनवाली.”

वेळेवर वीज गेली. यूपीएस शिट्या मारू लागला. आम्ही सगळे सहज वाट बघत बसलो, जशी रोज बघायची. शिटी चालू राहिली. धम्मरत्न खिडकीशी गेला. “मावशी,” त्यानं हाक दिली. शिटी एकसुरी लांबली आणि तुटली. हिरवा दिवा विझला, टेबलफॅनची पाती सावकाश मोजता येऊ लागली.

लगेच फोन वाजला. त्या फोनचा आवाज मोठा, खोलीभर ऐकू येई. “दुसऱ्याच ओळीला थांबलं हो,” मॅडम म्हणाल्या. “मुली बसल्या आहेत.”

“लाइट गेली, मॅडम,” धम्मरत्न म्हणाला. आणि आम्ही सगळ्यांनी गल्लीपलीकडे पाहिलं. विमलताई खाटेवर बसली होती. बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं. डोक्यावर तिचा पंखा जोरात फिरत होता.

इंदुताई उठून उंबऱ्यावर गेली.

“ताई, तुह्या पंख्याले हवा चांगली हाय.”

“हाय. मंग?”

“मंग काही नाही. फोनले लाइट लागत नाही म्हनते धम्मा. बाई थांबल्या हायत फोनवर.”

“थांबू दे. तू गा.”

“मले उचलता येत नाही. तुले मालूम हाय.” इंदुताईनं पदर कमरेला खोचला, वावरात ओटी बांधताना खोचायची तसा. “ताई, उचल.”

विमलताईनं खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या. मग आली. कोणाकडे न बघता तिनं धम्मरत्नाच्या हातून फोन घेतला आणि उचललं. बोंड फुटलं, दात काढून हासलं. त्या बंद खोलीत वावर उघडलं. इंदुताई तिच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून झील देत होती. अख्खं गाणं झालं, आर्णीची लेक आली, सुख ओटीत साचलं.

“वा,” फोनमधून मॅडम म्हणाल्या. “आणि तो मागचा मऊ आवाज, तोच ना साइटवरचा? मुलींना तो फार आवडला बघा.”

विमलताईच्या मानेची शीर ताठ झालेली मी पाहिली.

“तोच,” ती म्हणाली. “इंदुबाई म्हनतात तिले.” मग म्हणाली, “गानं माह्यं हाय. लेकबी माह्यी हाय.” आणि फोन ठेवून दिला.

“मावशी, तसं लिहितो मी गाण्यावर,” धम्मरत्न म्हणाला. “गाणं विमलताईचं. सगळ्यांत वर.”

“लिही,” ती म्हणाली, आणि गल्ली ओलांडून घरात गेली. आतून बटणाचा आवाज आला. टेबलफॅन हलला, कंप्युटर घरघरला, जरा वेळानं हिरवा दिवा लागला.

तेवढ्यात विमलताई बाहेर आली. दाराची कडी लावली, ओटीचं फडकं खांद्यावर टाकलं आणि या खेपेला मागे न बघताच वावराच्या वाटेला लागली. वेचणीची ती वेळ नव्हती, आणि वावरात वेचण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

खोलीत धम्मरत्नानं चालतं का ते बघायला गाणं लावलं. आपलाच आवाज पाठीशी घेऊन इंदुताई उंबऱ्यात उभी राहिली. एक पाय तिनं बाहेर टाकला होता. तो तिनं आतही घेतला नाही आणि दुसरा बाहेरही टाकला नाही. जिनिंगच्या भिंतीपाशी विमलताई वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच बघत राहिली.