मोरिता-सानना स्कोअर सांगायचा नाही

मोरिता-सान गेले आणि शेवटच्या मॅचचा स्कोअर त्यांना कळलाच नाही.

मला माहीत होता. त्या दिवशी सकाळी सहापासून माहीत होता.

आज एकोणपन्नासावा दिवस. आपल्याकडे तेराव्याला असतो तसा इथे जपानमध्ये या दिवसाला मान. त्यांच्या घरून आत्ताच आले आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

मोरिता-सान म्हणजे फुनाबोरी स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगमधले आजोबा. रिटायर झाल्यावर तिथे पार्टटाइम करायचे. मी घाईत सायकल वाकडी लावायची, ते न बोलता सरळ करायचे.
पहिलं वर्षभर आमची ओळख एवढीच.

मग एका थंडीत त्यांच्या गळ्यात फुटबॉल क्लबचा मफलर दिसला. युरोपातल्या एका छोट्या बंदराच्या गावचा क्लब.
तरुणपणी कंपनीने त्यांना दोन वर्षं तिथे पाठवलं होतं. भाषा येईना, ओळखीचं कुणी नाही. मग रविवारी मैदानावर जाऊन उभे राहायचे. गोल झाला की शेजारचा अनोळखी माणूस मिठी मारायचा, म्हणाले. तेव्हापासून हा क्लब त्यांचा.

मी म्हटलं, मी कोल्हापूरची.

आमच्याकडे पेठेच्या टीमपायी सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नाहीत. पप्पा मला सायकलच्या दांडीवर बसवून मॅचला न्यायचे. टीम जिंकली की घरी पेढे. हे सगळं मी मोडक्यातोडक्या जपानीत त्यांना सांगितलं.
नवरा पुण्याचा. त्याला फुटबॉल चार वर्षांतून एकदा आठवतो. त्यामुळे मला बोलायला माणूस मिळाला.

अट एकच.

युरोपातली मॅच इथे पहाटे चारला आणि मोरिता-सानची ड्युटी सहाला. म्हणून त्यांच्या मिसेस रेकॉर्डिंग लावून ठेवायच्या आणि ते संध्याकाळी जेवून बघायचे. तोवर कुणी स्कोअर सांगायचा नाही.

"जगाची मॅच संपली असेल. माझी अजून सुरू व्हायचीय," म्हणायचे.

मला डबे भरताना एका हाताने स्कोअर बघितल्याशिवाय चैन पडत नाही. हा माणूस दिवसभर सायकली सरळ करत थांबायचा, तेही आनंदाने.

यंदाचा सीझन म्हणजे कहर होता. घरच्या लीगमध्ये क्लब तळाला, आणि युरोपियन कपमध्ये मोठमोठ्या टीम्सना गाशा गुंडाळायला लावतोय. घरी रोज आमटी करपवणाऱ्याने लग्नाच्या पंगतीत वाहवा मिळवावी, तसं.

क्वार्टरफायनल जिंकले त्या गुरुवारी मी आनंदाने वेडी झाले. मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, मायक्रोवेव्ह. दहा मिनिटांत पेढे. डबा नेऊन त्यांच्या हातात दिला. स्कोअरबद्दल चकार शब्द काढला नाही हं.

त्यांनी झाकण उघडलं. पेढ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झाकण हळूच परत लावलं.

"जाधव-सान, जिंकले वाटतं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

ते मात्र एक पेढा खाऊन हसले. "आज मॅच बघताना भीती वाटणार नाही. तेवढंच वाईट झालं."

मग त्यांनीच तोडगा काढला. यापुढे प्रत्येक मॅचनंतर पेढे आणायचे. जिंकले तरी, हरले तरी. म्हणजे पेढ्यांवरून काही कळणार नाही.

पप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "हरल्यावर पेढं? कसलं गाव गं तुझं ते?"

सेमीफायनल हरले त्या सकाळी मी डोळ्यांतलं पाणी पुसून पेढे वळले आणि कोरा चेहरा करून डबा दिला. दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा परत आला, आत दोन संत्री. आपल्यासारखंच, रिकामा डबा परत द्यायचा नाही.
"काल पेढे छान होते. मॅच नव्हती," एवढंच म्हणाले.

आता उरली लीगची शेवटची मॅच. हरले तर क्लब खालच्या डिव्हिजनला जाणार.

त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये दुसरे आजोबा दिसले. मोरिता-सान हॉस्पिटलमध्ये होते. शनिवारी भेटायला गेले. खूप वाळले होते, पण विषय एकच. मंगळवारी घरी सोडणार आहेत, तेव्हा रेकॉर्डिंग बघेन. तुम्ही पेढे आणा आणि गप्प बसा.

सोमवारी सकाळी सहाला स्कोअर बघितला. पेढे केले.
आठला पार्किंगमध्ये कळलं की ते सातला गेले.

डबा दिवसभर बॅगेतच राहिला.

मधला तो एक तास मला सात आठवडे छळत होता. मिसेसचा नंबर होता माझ्याकडे. एक फोन केला असता तर? कसला नियम आणि कसलं काय!

आज त्यांच्या मिसेसना हे सांगितलं, रडले. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि सांगितलं की त्या पहाटे ते जागे होते. नर्सने विचारलं, फोनवर बघून सांगू का?
ते म्हणाले, "नको. घरी जाऊन बघणार आहे."

मग मिसेसनी टीव्ही लावला. रेकॉर्डिंग तसंच होतं. त्यांनीही बघितलं नव्हतं. मोरिता-सानच्या फोटोचं तोंड टीव्हीकडे केलं, मी नेलेला पेढ्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला.

त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. हाफटाइमला म्हणाल्या, "जाधव-सान, तुम्हाला माहीत आहे ना?"
"हो."
"सांगू नका."

आम्ही दोघींनी शेवटच्या शिट्टीपर्यंत मॅच बघितली. शेवटची दहा मिनिटं त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

निकाल काय लागला, ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी कॉमेंटमध्येही टाकायचा नाही.
पेढे काय, जिंकले तरी, हरले तरी होतेच.

मोरिता-सान, तुम्हाला कसलीच घाई नव्हती. सावकाश बघा.
तुमच्या जाधव-सानचा वाकून नमस्कार.