न केलेलं अपील

विमान डोक्यावरून गेलं की कीपरभाई बोलता बोलता थांबत आणि मान वर करून विचारत, "आज कोण गेलं?" आमचं मैदान बहरीनमधल्या बुसैतीनला, विमानतळाच्या अगदी शेजारी. तिथे विमानांची काय कमी? त्यामुळे त्यांचं कुठलंच वाक्य धड पुरं होत नसे. अहो, कुणीतरी सुट्टीवर चाललं असेल, लग्नाला चाललं असेल, असं आम्ही म्हणायचो. त्यांना ते पटत नसे. त्यांच्या लेखी विमानात बसलेला प्रत्येक माणूस व्हिसा कॅन्सल होऊनच चाललेला असायचा.

दिवसा ते एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर आणि शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाच्या टीमचे विकेटकीपर. त्यामुळे त्यांचं खरं नाव काय, हे मंडळात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गाव श्रीवर्धन. मिसरूड फुटायच्या आधी ते बहरीनला आले आणि ती मिशी पिकल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही. मॅचला येण्याआधी ते केसांना आणि मिशीला कलप लावून यायचे. उन्हाळ्यात घामाबरोबर तो कानामागून ओघळायचा आणि आम्ही त्यांना रुमाल द्यायचो. ऑफिसात ते कधी लिफ्टसाठी थांबत नसत. गुडघा दुखत असला तरी जिन्याने चढायचे आणि मॅनेजर दिसला तर दोन-दोन पायऱ्या एकदम. "लिफ्टपाशी उभा राहिलेला माणूस थकलेला दिसतो," असं त्यांचं म्हणणं. मुलगी सना इंग्रजी शाळेतली. ती म्हणायची, "अब्बा, रिलॅक्स." अब्बांना ते जन्मात जमलं नाही.

हाच माणूस मैदानावर मात्र फास्ट बॉलरलासुद्धा स्टंपला चिकटून उभा राहायचा. डोक्यावर हेल्मेट नाही, खाली मॅटिंगची विकेट, चेंडू कुठून उसळेल याचा नेम नाही. मी त्यांचा बॉलर. माझाच चेंडू त्यांच्या तोंडावर बसेल या धास्तीने माझा हात आखडायचा. एकदा मी त्यांना जरा मागे उभं राहायला सांगितलं. ते म्हणाले, "बॉल दिसतो रे. जे दिसतं त्याला काय भ्यायचं?"

आणि तरीही आमच्या मंडळात त्यांच्यावरून कायमचा वाद होता, तो एका फायनलपायी. समोरची टीम कीपरभाईंच्याच कंपनीची, आणि बॅटिंगला त्यांचा त्या वेळचा मॅनेजर. माझा चेंडू बाहेर निघाला, कीपरभाईंनी तो सुरेख टिपला, मी दोन्ही हात वर करून ओरडलो. कीपरभाई ओरडले नाहीत. त्यांनी चेंडू मुकाट्याने माझ्याकडे फेकला. कीपरच गप्प आहे म्हटल्यावर अंपायरने नकारार्थी मान हलवली, मॅनेजर शेवटपर्यंत टिकला आणि आम्ही हरलो. संध्याकाळी सगळे त्यांच्यावर तुटून पडले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बॅटला लागला नव्हता." मीही तेच म्हणालो. पुढे कितीही वेळा विषय निघाला तरी निकाल माझ्या साक्षीवर लागायचा, कारण हुकलेली विकेट माझी होती.

गुडघ्याने पुरती साथ सोडली तेव्हा कीपरभाईंनी खेळणं थांबवलं. मंडळाच्या खोलीत एका भिंतीवर आमच्या जुन्या खेळाडूंचे फोटो आहेत. कुणी बहरीन कायमचं सोडून निघालं की त्याचा फोटो तिथे लागायचा, अशी रीतच पडून गेली होती. रिफाला राहणारा तरुण इंजिनियर पराग सेक्रेटरी झाला आणि त्याने ठरवलं की आता त्या भिंतीला हॉल ऑफ फेम म्हणायचं. समारंभ करायचा, फेसबुकवर टाकायचं, आणि पहिला मान कीपरभाईंना द्यायचा. लगेच दोन तट पडले. एक म्हणे असा कीपर पुन्हा होणार नाही, दुसरा म्हणे फायनलला शेपूट घालणाऱ्याचा कसला मान. दोघांचा निवाडा सभेत व्हायचा होता.

त्याच आठवड्यात कीपरभाई माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही. दार लागलंय ना, ते आधी पाहून आले. त्यांच्या कंपनीत नवा मॅनेजर आला होता आणि वय झालेल्या माणसांना एकेक करून घरी पाठवायचा त्याने सपाटा लावला होता. कीपरभाईंच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि सना बारावीत होती.

"तू माझ्या बाजूने बोलणार, मला माहीत आहे," ते म्हणाले. "बोलू नको. उलटं बोल. फोटोखाली निवृत्त म्हणून लिहितील, साहेब बघेल, की खलास. अर्ध्या वर्षात पोरीला घेऊन मी कुठल्या शाळेच्या दारात उभा राहू?"

मी म्हटलं, तुम्हीच मान नाकारा की. त्यांनी मान हलवली. "नको म्हटलं तर लोक कारण विचारतात. नालायक ठरलो तर कोण काय विचारणार?" एवढं बोलून ते पुन्हा दार पाहून आले. माझ्या वेगवान चेंडूंपुढे कधी मागे न सरकलेला माणूस.

सभेला मी त्यांच्या धावा किती कमी, शेवटी शेवटी गुडघ्यामुळे किती चेंडू सुटले, असलं काहीबाही जुळवून गेलो होतो. ते कुणी ऐकून घेतलं नाही. पराग उत्तम बोलला. विरोधकही विरघळायला लागले. शेवटी एकाने विचारलं, फायनलच्या झेलाचं काय? आणि नेहमीप्रमाणे सगळे माझ्याकडे वळले. मी 'लागला नव्हता' म्हणालो असतो तर त्याच क्षणी हात वर झाले असते. कीपरभाई मागच्या रांगेत बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी उभा राहिलो. "लागला होता," मी म्हणालो. "मला आवाज आला होता. त्यांनाही आला होता. समोर साहेब होता म्हणून ते गप्प बसले आणि आपण फायनल हरलो."

एकही हात वर झाला नाही. परागने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसलो तो वर मान करून पाहिलंच नाही.

कीपरभाईंना मीच गाडीने घरी सोडलं. वाटेत अगदी डोक्यावरून विमान गेलं आणि त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"तुला आवाज आला होता?" त्यांनी विचारलं.

"बॉलरला येतोच, कीपरभाई."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, एक तू तरी मला खरा समजतोस."

मी त्यांचं काम केलं होतं, त्यांनी सांगितलं तसंच केलं होतं, आणि त्यांना गाडीतून उतरताना पाहून मला रडू आलं. त्यानंतर त्यांचा फोन नाही, निरोप नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका सकाळी मेसेज आला: 'व्हिसा झाला. सना अभ्यास करते आहे.' मी तो बायकोला वाचून दाखवला आणि पुन्हा एकटाच वाचला.

सना पास झाली, मुंबईला कॉलेजात गेली. पुढच्या खेपेला मात्र कीपरभाईंचा व्हिसा झाला नाही. आता माझीही साठी जवळ आली आहे. केसांना मीही कलप लावतो. ऑफिसात साहेबाने जरा वेळ पाहिलं तरी छातीत धस्स होतं, आणि विमान गेलं की मान आपसूक वर जाते. पराग अधूनमधून विचारतो, आता तर ते बहरीन सोडून गेले, फोटो लावायचा का? सभेत मीच त्यांना पाडलं, म्हणून तो मलाच विचारतो. मी त्याला विमानतळावरची गोष्ट सांगतो.

कीपरभाई आणि भाभींना पोचवायला मी एकटाच गेलो होतो. शेवटपर्यंत ते खिशातले पासपोर्ट चाचपत होते. आत जाण्याच्या रांगेपाशी पोलीस उभा होता, म्हणून माझ्याशीही दबक्या आवाजात बोलत होते. गळाभेट झाली, ते आत गेले. आणि मग ते वळले. हातातली बॅग त्यांनी खाली ठेवली, दुखऱ्या गुडघ्यावर वाकले, दोन्ही हात डोक्यावर नेत उठले आणि सगळा विमानतळ दणाणेल अशा आवाजात माझ्याकडे बघून ओरडले, "हाऊज दॅट!"

भाभींनी पदराआड तोंड लपवलं. पोलिसाने वळून पाहिलं. कीपरभाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते हात वर करून तसेच उभे होते, माझ्याकडे बघत.

मी बोट वर केलं.