बेटावरचा उपास

उपासाला कोथिंबीर चालते की नाही, या वादात मला यापुढे कुणी ओढू नये. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर महाशिवरात्रीला तो रंगतो, हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांचा पाऊस पडतो आणि मी फोन उलटा करून ठेवते. मला अजून राग आहे. तो जावा असंही वाटत नाही.

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून माझी एक मैत्रीण राहते. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे, इतकं जवळचं. त्या वर्षी तिच्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणे, माझी पंधरा वर्षांची मुलगी आजी म्हणे. काकूंचा स्वतःचा नातू कॉलेजात, फोनवर दोन वाक्यं इंग्रजीत बोलून ठेवून देणारा. त्यामुळे माझ्या मुलीवर त्यांनी भलताच जीव लावला. माझी आई नागपूरला वारली तेव्हा मुलगी तिला ओळखण्याइतकी मोठी नव्हती. आजी म्हणजे काय हे तिला या बाईंमुळे कळलं. शाळेतून आली की सायकल काढून ती तिकडेच. वेणी घालून घ्यायची, पत्ते खेळायचे, फोडणी कशी करायची ते बघायचं. घरी येऊन मला सांगायची, "आई, तू मोहरी नीट तडतडू देत नाहीस. आजी म्हणते, पेशन्स पाहिजे."

मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटायचं.

काकूंना मी कितीदा तरी घरी जेवायला बोलावलं. प्रत्येक वेळी मैत्रीण म्हणे, "अगं, गुडघ्यांमुळे पायऱ्या झेपत नाहीत त्यांना. तूच ये ना आमच्याकडे." आमच्या दाराशी पायऱ्या आहेत, ओटा चढावा एवढ्याच. पण म्हाताऱ्या माणसाचे गुडघे, म्हणून मी कधी पुढे विचारलं नाही.

एप्रिलच्या सुट्टीत आम्ही दोन्ही घरांनी मिळून फ्लोरिडाच्या टोकाला, 'की लार्गो' नावाच्या बेटावर भाड्याने घर घेतलं. माझ्या नवऱ्याची ड्यूटी होती, तो आला नाही. शनिवारी दिवसभराची सहल ठरली. मोठ्या बोटीवर कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, लादून आत बेटांपर्यंत जायचं, तिथून कनूने खारफुटीच्या बोगद्यांमधून फिरायचं, एका बेटावर जेवायचं आणि संध्याकाळी परत. आदल्या संध्याकाळी मुलीने स्वतः साबुदाणा भिजवला. दाणा चिमटीत दाबून बघत होती, आजीने शिकवलं होतं तसा. सकाळी उठून खिचडी केली, गॅस बंद करून वरून कोथिंबीर घातली, स्टीलच्या डब्यात भरली आणि मला हात लावू दिला नाही. "सरप्राइज आहे. आजीला एकदम लंचला द्यायची."

बोटीवर काकूंनी स्वतः केलेली थालीपिठं काढली. कांदा घातलेली. आम्ही सगळ्यांनी लोण्याबरोबर खाल्ली आणि त्यांनीही खाल्ली, चांगली पोटभर. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

समुद्र इतका नितळ होता की तळाचं गवत मोजता आलं असतं. आमची कॅप्टन उन्हाने रापलेली, पांढऱ्या वेणीची बाई होती. ती म्हणाली, ही सगळी बेटं म्हणजे एकेकाळचं पाण्याखालचं प्रवाळ आहे. समुद्र हटला, प्रवाळाचा चुनखडक झाला, आणि आता पावसाचं पाणी त्याला भोकं पाडत बसलंय. अनवाणी उतरू नका, पाय फाटतील. सुंदर होतं सगळं, आणि त्या सुंदरपणाचाही मला आता राग येतो. एवढ्या लांब, एवढ्या स्वच्छ पाण्यात तरी माणसाला ते एक गाठोडं मागे टाकून येता येऊ नये?

कनू पाण्यात सोडल्या. मैत्रीण आणि तिचा नवरा एकीत बसले. काकू म्हणाल्या, "मी माझ्या नातीबरोबर." शिडीवरून उतरताना त्यांनी माझ्या मुलीचा हात घट्ट धरला आणि गुडघ्यांचं नावही न काढता अलगद कनूत बसल्या. मी पुढे, काकू मध्ये, मुलगी मागे सुकाणूला. कनूत पुढे बसणाऱ्याला मागचं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

बोगद्यात शिरलो. दोन्हीकडून खारफुटीची मुळं पाण्यात उतरलेली, वर फांद्यांचं छत, खाली मुळांशी खेकडे. काकू खुशीत होत्या. आणि मग सुरू झालं.

"तुमच्या घरी गणपती किती दिवसांचा असतो गं, बाळा?"

"आमच्याकडे नसतो. आम्ही तुमच्याकडे येतो ना."

"आणि कुलदैवत कोणतं तुमचं?"

"ते काय असतं?"

हे प्रश्न मी चालीवरून ओळखते. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही, आणि कळलं नाही की काही लोकांना घास गिळवत नाही. मग माहेर कुठलं, मूळ गाव कुठलं, लग्नात काय काय विधी झाले, असं गोल गोल फिरत ते येतात. मला नोकरी लागली तेव्हा विचारलं, घर भाड्याने घेताना विचारलं, मंडळाच्या स्नेहसंमेलनात जिलबी वाढता वाढता विचारलं. कुणीही सरळ विचारत नाही. सरळ विचारलं तर मी सरळ सांगते.

"बरं, रोज पूजा कोण करतं? आई की बाबा?"

"पूजा नाही करत. बुद्धाची मूर्ती आहे, तिच्यासमोर मेणबत्ती लावतो. आणि बाजूला फोटो आहे, निळा कोट, चष्मा. आजी, यू नो हिम! सगळ्यांना माहीत असतात ते."

मुलगी अभिमानाने सांगत होती. आठवीत तिने त्यांच्यावर शाळेत प्रोजेक्ट केला होता, नागपूरच्या दीक्षाभूमीचं चित्र काढून. तळ्याचं पाणी, मंदिराचं दार, सगळं तिने वाचलेलं होतं. पण तिच्या लेखी ते तिकडचं होतं, झालेलं, संपलेलं. मी मध्ये बोलले नाही. बोलले असते तर यात लपवण्यासारखं काहीतरी आहे असं तिला वाटलं असतं, आणि तसं काही नाही. मी वल्हं मारत राहिले.

"हो का," काकू म्हणाल्या. त्यानंतर बोगदा संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मुलगी मागून दाखवत होती, "आजी, ते बघ, स्टिंगरे!" आजी बघत असतील. मला दिसत नव्हतं.

बेटावर उतरलो. चादर अंथरली, डबे उघडले. मुलीने तिचा डबा दोन्ही हातांनी काकूंसमोर धरला आणि झाकण काढलं.

काकूंनी डब्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "अगं बाई, माझा आज शनिवार आहे ना. उपास."

त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, सकाळी तर थालीपीठ..."

"त्यांचा शनिवार असतो कधीकधी," मैत्रीण घाईने म्हणाली.

कधीकधी शनिवार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि माझी मुलगी? तिचा चेहरा फुलला. "मग तर परफेक्ट आहे! आजी, खिचडीच आहे! साबुदाण्याची! उपासालाच तर करतात ना?"

काकू अडकल्या होत्या. त्यांनी डब्यात नीट वाकून बघितलं, पळवाट शोधल्यासारखं, आणि त्यांना ती सापडली.

"कोथिंबीर घातलीस का गं? आमच्यात उपासाला कोथिंबीर चालत नाही."

"पण तूच सांगितलंस ना, लास्टला वरून घाल म्हणून? मी बाजूला उभी होते. रिमेंबर?"

"ते एरवी. उपासाला नाही."

मुलीने झाकण लावलं. हळू, आवाज न करता. काकूंनी पिशवीतून बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट काढलं, कारण बटाटा उपासाला चालतो. ते वेफर्स कुठल्या कारखान्यात, कुणाकुणाच्या हातून गेले असतील, याचा त्यांना काही त्रास झाला नाही. पाकिटाला कुणी कुलदैवत विचारत नाही.

मैत्रीण माझ्यामागे पाण्यापर्यंत आली. "प्लीज यार, मनाला लावून घेऊ नकोस. जुनी माणसं आहेत, आता काय बदलणार? आम्ही असलं काही मानत नाही, तुला माहितीये."

"पायऱ्या," मी म्हटलं.

"काय?"

"आमच्या दाराच्या पायऱ्या. तीन महिने त्यांना झेपत नव्हत्या. आज कनूत बसल्या त्या."

तिने खाली बघितलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. आमच्या हॉलमधला फोटो तिने शंभरदा बघितलाय, त्याच्याखाली बसून माझ्या हातचं सावजी मटण बोटं चाटून खाल्लंय. सासूला तो दिसू नये म्हणून तिने तीन महिने गुडघे पुढे केले. मला सांगितलं नाही, त्यांनाही सांगितलं नाही. दोन्ही घरं सांभाळली! काकूंवरचा माझा राग समजण्यासारखा आहे, तो जुना आहे, माझ्या ओळखीचा आहे. पण या बाईकडे माझ्या घराची किल्ली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळलेला नव्हता, नुसता नीट घडी करून कपाटात ठेवला होता.

"माझ्या मुलीने सकाळी उठून केलंय ते," मी म्हटलं. "तुम्ही मानत नाही ना? मग जा, त्यांच्यासमोर बसून खा."

ती गेली नाही. "आत्ता नको गं, सीन होईल," म्हणाली.

परतताना काकू मुलाच्या कनूत बसल्या. "त्याच्याशी जरा बोलायचंय," म्हणाल्या. आमच्या कनूत मधली जागा रिकामी. पाणी आता समोरून येत होतं, वल्ह्याला जोर लागत होता. बोगद्याच्या मध्यावर मागून मुलीने विचारलं, "आई, खिचडीत माझं काय चुकलं?"

तिला वाटत होतं खिचडी चुकली. तो सगळा वेळ ती मीठ, साखर, दाण्याचं कूट आठवत बसली होती.

मी वल्हं आडवं ठेवलं आणि पूर्ण मागे वळले. कनू डुलली, मुलीने ती सावरली. मी तिला सांगितलं. खिचडीत काही चुकलं नव्हतं. झाकण उघडायच्या आधीच ठरलं होतं. तू फोटोबद्दल सांगितलंस, तेव्हाच. तिने मला दोनदा विचारलं, "म्हणजे टेस्ट करायच्या आधीच?" मी दोनदा हो म्हटलं. कुणाला तरी मारावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, इतकं ते दुसरं हो म्हणताना वाटलं.

ती रडली नाही. मुळांमधून कनू काढत राहिली.

बोटीशी आम्ही आधी पोचलो, वर चढलो. मागून ते तिघे आले. कॅप्टन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्यांची कनू धरत होती, काकूंचा मुलगा मागे तोल सांभाळत होता. काकू शिडीशी उभ्या राहिल्या. वरून हात द्यायला शिडीच्या तोंडाशी माझी मुलगी होती. सवयीने काकूंनी हात वर केला. "धर गं, बाळा."

मुलीने हात पुढे केला. पण धरला नाही. वीतभर अंतरावर थांबवला आणि विचारलं, एकही इंग्रजी शब्द न घालता, "आजी, माझा हात चालेल?"

ती टोमणा मारत नव्हती. टोमणे मला येतात, तिला नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सकाळी हात चालला होता, दुपारी हातची खिचडी चालली नाही, आता काय?

मैत्रीण पाण्याकडे बघत बसली. कॅप्टनला काही कळत नव्हतं, ती इंग्रजीत ओरडत होती, लवकर करा. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलून हे हसण्यावारी नेईन या आशेने. मी नेलं नाही. मग त्यांनी तो हात धरला, आणि माझ्या मुलीने त्यांना दोन्ही हातांनी वर ओढलं, बाकावर बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. उत्तर काकूंनी दिलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने त्या सांगलीला परत गेल्या. मैत्रिणीकडची माझी किल्ली मी आणली, तिची तिला दिली. काकू मात्र माझ्या मुलीला रोज सकाळी फोनवर फुलं पाठवतात. गुलाब, जास्वंद, वर सुप्रभात. एकदाच मुलीने उलट लिहिलं, देवनागरीत, मला अक्षरं विचारून विचारून: आजी, हात चालेल का ते सांगितलं नाहीस.

दोन निळ्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरा आला.