वाघ, पाहुणे आणि माझे दोन दिवस

हॉटेलच्या पांढऱ्या सपाता आणि पाहुण्यांचे किस्से, या दोन गोष्टी आमच्या नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या घरात ढिगाने साठल्या आहेत. सपाता कपाटात मावेनाशा झाल्या की नवरा पिशवी भरून कोणाला तरी देऊन येतो. किश्शांचं तसं करता येत नाही. कोणाच्या वाढदिवसाला चार मराठी घरं जमली, की केक कापायच्या आधीच कोणीतरी विचारतं, "मंजिरी, यंदा काय झालं गं?" आणि मी सुरू होते.

माझं काम असं. इथल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीसाठी मी डच पाहुण्यांना उत्तर भारत दाखवून आणते. दिल्ली, आग्रा, रणथंभोरला चार सफारी, जयपूर आणि परत दिल्ली. मुक्काम सगळा राजवाड्यासारख्या हॉटेलांत. पाहुणे बहुतेक साठीच्या पुढचे. उंच, धडधाकट आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारे.

तर हे गेल्या सीझनचे किस्से. हसू येईल तिथे हसा. मला सगळीकडे येत नाही.

*

ऑक्टोबरच्या ग्रुपमध्ये हेंक होता. आयुष्यभर रॉटरडॅमच्या बंदरात नोकरी केलेला माणूस. कुठलं जहाज कधी लागणार, कुठला कंटेनर कधी उतरणार, सगळं मिनिटावर ठरलेलं. तीन सफारी झाल्या आणि वाघाचा पत्ता नाही. सांबर दिसलं, मगर दिसली, एक अस्वल पाठमोरं दिसलं. हेंकने कार्यक्रमाचा कागद काढून माझ्यासमोर धरला. "इथे लिहिलंय, सकाळी साडेसहा, वाघ."

मी आमच्या गाइडकडे पाहिलं. भँवरजी. वीस वर्षं त्या जंगलात फिरतायत. त्यांना डच येत नाही, पण चेहरा सगळ्या भाषांतला वाचता येतो. ते शांतपणे म्हणाले, "मॅडमजी, साहब से कहिए, बाघ को टाइम दिया था. उसने कन्फर्म नहीं किया."

मी जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. सगळी जीप हसली. हेंक हसला नाही. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "मग तुम्ही फॉलो-अप घ्यायला हवा होता!"

त्याच दिवशी जंगलाच्या गेटवर रेंज आली आणि दादाचा फोन लागला. माझा भाऊ. आई त्याच्याकडे वसईला असते. आईचं विसरणं वाढलं होतं. आम्ही ते वयावर ढकलत होतो. डॉक्टरांनी वयावर ढकललं नाही. दादा म्हणाला, "मंजे, ओळखतेय तोवर येऊन जा."

लोकांना वाटतं, ही सारखी भारतात असते, हिला काय! पण दिल्लीत असणं म्हणजे वसईत असणं नव्हे. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून माझी सुट्टीही पावसाळ्यात. दर जुलैत पंधरा दिवस आईकडे जायचं ठरलेलंच. गेल्या जुलैत लेक सायकलवरून पडली, तिचा पाय मोडला आणि जाणं राहिलं. आता पुढच्या जुलैपर्यंत थांबायचं, हे आईच्या डोक्याला कोण सांगणार?

*

माझी बॉस इनेके. तिला मी ऑफिसात सगळं सांगितलं. खिडकीतून स्किपोलला उतरणारी विमानं दिसत होती. तिने आधी विचारलं, "तू वर्षातून सहा वेळा भारतात जातेस आणि आईला भेटत नाहीस?" डच माणूस असा बोलतो. त्यात टोमणा नसतो, म्हणून जास्त लागतं.

मग तिने कॅलेंडर उघडलं आणि प्रत्येक टूरनंतर माझ्या नावापुढे दोन दिवस हिरवे केले. "ग्रुप विमानात बसला की तू मोकळी." दिल्लीहून मुंबई दोन तास. दोन दिवस पुरे होते. अडचण फक्त त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात होती.

नोव्हेंबरमध्ये ट्रुस नावाच्या आजी आग्र्याच्या हॉटेलात पायरी चुकल्या. संगमरवरी पायऱ्या, त्यावर स्वागताच्या गुलाबाच्या पाकळ्या! खुबा मोडला. ग्रुप पुढे गेला, दिल्लीहून उडाला, आणि मी ट्रुसआजींच्या खाटेशी. इन्शुरन्सचे फोन, ऑपरेशनच्या सह्या, त्यांच्यासाठी बिनतिखटाचं जेवण. माझे हिरवे दोन दिवस तिथेच संपले.

आईला फोन केला. तेव्हा ती फोनवर चांगली बोलायची.

"कोण आजारी आहे म्हणालीस?"

"एक आजी आहेत गं. पडल्या."

"त्यांचं कोणी नाहीये का?"

"मुलगी आहे. हॉलंडला."

"मग ती कशी नाही आली?"

"तिला सुट्टी नाही मिळाली, आई."

आई म्हणाली, "कसली पोरगी म्हणायची!"

*

जानेवारीच्या ग्रुपमधला यान वारला. जयपूरच्या हॉटेलात, जेवण झाल्यावर, पूलच्या कडेला आरामखुर्चीत. तोंडावर हॅट. वेटरने दोनदा येऊन विचारलं, "सर, आणखी एक लिंबू सोडा?" आणि साहेब झोपलेत म्हणून दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा त्याने मला बोलावलं.

त्याची बायको रीट खोलीत पोस्टकार्डं लिहीत होती. मी सांगितल्यावर तिने हातातलं पोस्टकार्ड पूर्ण केलं, खाली यानचंही नाव लिहिलं, आणि मग उठली.

ग्रुप परत गेला. रीट म्हणाली, "यान निघेल तेव्हाच मी निघेन. लग्न झाल्यापासून मी एकटी कधी विमानात बसले नाही." मग पोलीस, डॉक्टरांचा दाखला, दूतावासाचे कागद आणि प्रत्येक कागदाची आणखी एक प्रत. चार दिवस मी तिच्याबरोबर होते. ती एकदाही रडली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि यानसाठी नाही रडले.

दादा फोनवर फुटला. "मेलेल्या माणसाला घाई नसते म्हणावं तुझ्या त्या मॅडमला! तिला आईबाप आहेत की नाहीत?" आणि पुढे वसईच्या बाजारात ऐकू येतात तसल्या दोन शिव्या. मागून आईचा आवाज आला, "कोणाला शिव्या देतोस रे?"

"मंजूच्या मॅडमला. पोरीला दोन दिवस सोडत नाही."

"असं बोलू नये," आई म्हणाली. "नीट सांगितलं की माणसं ऐकतात."

आम्ही निघालो तेव्हा हॉटेलने नेहमीप्रमाणे अभिप्रायाचा फॉर्म दिला. यान आणि रीट, दोघांच्या नावाने छापलेला! मी तो पटकन ओढून घ्यायला गेले, पण रीटने पेन काढून सगळे रकाने भरले. स्वागत, उत्तम. जेवण, उत्तम. पुन्हा याल का? तिथे तिने लिहिलं, "दोघांपैकी एक." आणि सुधारणेसाठी सूचना या रकान्यात, "उशी फार उंच होती. यानची मान दुखत होती."

*

पुढचा किस्सा मी वाढदिवसाला सांगत नाही.

फेब्रुवारीत काहीच झालं नाही. कोणी पडलं नाही, कोणी मेलं नाही, कोणाचं पोटसुद्धा बिघडलं नाही. पहिल्याच सफारीत वाघीण दिसली आणि तिची दोन पिल्लं. ग्रुप सकाळच्या विमानात हसत बसला. माझं मुंबईचं विमान दुपारी दोनचं. इनेकेचा मेसेज आला होता, "आता फोन बंद कर आणि आईकडे जा."

पण आदल्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला होता. आईने स्क्रीनकडे पाहिलं, पदर नीट केला आणि विचारलं, "बरं आहे ना? घरी सगळे ठीक?" बँकेतल्या बाईंशी बोलायची तसा आवाज. दादा मागून म्हणत होता, अगं मंजू आहे, मंजू. आई म्हणाली, "हो हो, कळलं की." तिला काहीही कळलं नव्हतं. ती माझं मन राखत होती.

विमानतळावर मी दोन वाजेपर्यंत बसले. माझ्या नावाचा पुकारा झाला. दुसऱ्यांदाही झाला. तीनदा माझं नाव घेतलं आणि मी खुर्चीतून उठले नाही. दार उघडल्यावर ती तसंच हसून "या, बसा" म्हणाली तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. जोवर जात नाही तोवर ती मला ओळखते असं धरून चालता येत होतं.

दादाला मेसेज केला, "मॅडमनी नाही सोडलं." इतकं सोपं होतं ते! इनेकेला ना मराठी येतं ना दादा तिला कधी भेटणार.

मग टॅक्सी करून आमच्या नेहमीच्या दिल्लीच्या हॉटेलात परत गेले. दोन दिवस पडदे लावून पडायचं ठरवून. रिसेप्शनवरच्या मुलीने मला पाहिलं, हात जोडले आणि शिकवल्याप्रमाणे गोड हसून म्हणाली, "वेलकम होम, मॅम!"

*

मार्चचा ग्रुप सीझनचा शेवटचा. रणथंभोरला दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा मेसेज आला. "सवाई माधोपूरला उतरलोय. आई आहे बरोबर. हॉटेलचा पत्ता पाठव."

मला आधी वाटलं चेष्टा आहे. दादाला चेष्टा येत नाही. मुंबईहून गाडी थेट रणथंभोरच्या त्या स्टेशनला येते, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. मी पत्ता पाठवला, हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं आणि पुन्हा कामाला लागले. दोन वाजता नेमकी पाहुण्यांना सफारीच्या सूचना द्यायची वेळ. टोप्या घ्या, पाणी घ्या, जीपमध्ये उभं राहू नका, वाघ दिसला तर ओरडू नका. अंगात कंपनीचं हिरवं जॅकेट, छातीवर नावाची पट्टी, हातात वॉकीटॉकी.

दारात टॅक्सी थांबली. आई उतरली. दादाने धरलं होतं. नऊवारी कधीच सुटली, पण साडी व्यवस्थित नेसलेली, पायात मी पाठवलेल्या हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. स्वागताची मुलगी तबक घेऊन पुढे आली. तिने आईला हार घातला, कुंकू लावलं. परदेशी पाहुणे अशा वेळी फोटो काढतात. आईने तबकातलं कुंकू बोटावर घेतलं आणि त्या मुलीच्या कपाळाला लावलं. हळदीकुंकवाची परतफेड! मुलगी गोंधळली. इतक्या वर्षांत तिला उलट कुंकू कोणी लावलं नसावं.

मी मध्येच थांबले होते. सोळा डच माणसं माझ्याकडे पाहत होती. भँवरजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माँ हैं?"

मी मान हलवली.

"मॅडमजी, आप रुकिए. बाघ आज नहीं दिखा तो कल दिख जाएगा."

ते सगळ्यांना घेऊन गेले. लॉनवर आम्ही तिघंच उरलो. आई वेताच्या खुर्चीत बसली होती. मी जवळ गेले तशी ती धडपडत उभी राहिली. माझं जॅकेट पाहिलं, वॉकीटॉकी पाहिला, पट्टीवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला.

"तुम्हीच का त्या मॅडम?"

"आई, अगं ही मंजू," दादा म्हणाला.

आईने त्याला हाताने गप्प केलं. पुरुषांना असल्या गोष्टी नीट बोलता येत नाहीत, असा तिचा हात. मग तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गार होते.

"मॅडम, रागावू नका. एक विनंती होती. माझी मुलगी तुमच्याकडेच कामाला आहे. मंजू. फार गुणी आहे, कामाला कधी नाही म्हणायची नाही. लहानपणापासून तशीच. तिला दोन दिवस सोडा हो. दोनच दिवस. मी पुन्हा मागायला येणार नाही."

दादाने तोंड फिरवलं.

"सोडते," मी म्हटलं.

आईने हात जोडले. मग दादाकडे वळून म्हणाली, "बघ, किती चांगल्या आहेत मॅडम! तू उगाच शिव्या घालत होतास."