चौघांची मालगाडी

दातांच्या दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांना दिसतात, कवळीवाले कुणालाच दिसत नाहीत. ते मागच्या खोलीत बसतात. पुढून प्लॅस्टरचा जबडा येतो, चार दिवसांनी त्यावर बेतलेली कवळी पुढे जाते. बत्तीस वर्षं हेच चाललंय. कवळी नीट बसली की माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि यांचं काम चोख आहे.

घरी दोन खोल्या. मोठ्या खोलीत अकरा फूट लांब, पाच फूट रुंद टेबलावर त्यांची छोटी रेल्वे आहे. डोंगर दवाखान्यातल्याच प्लॅस्टरचे, म्हणून जरा गुलाबी. एक बंदर, एक सिमेंट कारखाना, एक लाकडाची वखार, मधे यार्ड आणि अठ्ठावीस मालडबे. प्रवासी गाडी नाही. कवळीवाल्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे जागेवरून भांडायला कुणी नव्हतं. ते स्वयंपाकघरात झोपतात.

"डबे ऐसपैस, आणि तू शेगडीला पाय लावून," धाकटी बहीण म्हणते.

डबा उगाच फिरवायचा नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येक भरल्या डब्याला एक चिठ्ठी: माल काय, कुठून, कुठे. चिठ्ठ्या वाचून गाड्या लावायच्या. हे काम त्यांनी मुद्दाम चौघांसाठी आखलं होतं. एकानं यार्डात डबे जोडायचे-सोडायचे, दोघांनी दोन गाड्या हाकायच्या, चौथ्यानं बंदरावर रिकामे झालेले डबे हेरून परत आणायचे. चार उंच स्टुलं घेऊन ठेवली होती. अकरा वर्षांत चार माणसं एकदाही जमली नाहीत. एकदा बहीण आणि मेहुणे आले. मेहुण्यांना बसल्या जागी डुलकी लागली. बहिणीनं सिमेंटचा लाल डबा थेट लाकडाच्या वखारीत नेऊन उभा केला.

"चिठ्ठीवर बंदर लिहिलंय ना?"

"अरे दादा, त्या हिरव्या शेडपुढे लाल किती खुलतोय बघ तरी!"

पुन्हा त्यांनी तिला बोलावलं नाही.

या वर्षी एक निवृत्त गृहस्थ कवळी सैल झाल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरांनी कवळीवाल्यांना पुढे बोलावून घेतलं. बोलता बोलता कळलं की गृहस्थांनी सदतीस वर्षं मालगाड्यांचं नियोजन केलंय. कवळीवाल्यांच्या हातातली कानस थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेशंटला घरी यायचं आमंत्रण दिलं. निवृत्त माणसाला मित्र असतात. हे आले तर पुढच्या वेळी आणखी दोघांना आणतील, असा त्यांचा होरा होता.

रविवारी ठरल्या वेळी, दहाला, गृहस्थ एकटेच आले. टेबलाला एक फेरी मारली. डोंगर पाहिले नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि पत्त्यांसारख्या हातात धरल्या. मग विचार करायला सोपं जावं म्हणून कवळी काढून खिशात टाकली.

"शिमेंट बंदरालाच जातंय. लाकूडही बंदरालाच. मग दोन गाड्या कशाला?"

"वेळापत्रकात तसं आहे."

"वेळापत्रक कुणी केलं?"

"मी."

"मग बदला की! आणि ही मागून फिरणारी रिकामी गाडी? तिला तर एकही चिठ्ठी नाही. काढून टाका."

त्यांनी पेन्सिल मागितली. चौघांचं, सकाळभर पुरणारं काम चाळीस मिनिटांत, एका इंजिनात आणि एका माणसात बसवलं. कवळीवाले शेजारी उभे राहून रुळांचे सांधे बदलत होते. तेवढंच काम उरलं होतं.

"झालं!" गृहस्थांनी कवळी तोंडात बसवली. "आता तुम्हाला कुणाची गरजच नाही. एकट्यानं आरामात चालेल." त्यांनी हे शाबासकी म्हणून सांगितलं. दुसऱ्या चहाला ते थांबले नाहीत.

सोमवारपासून कवळीवाल्यांनी त्या कागदाप्रमाणे गाडी चालवली. कागद बरोबर होता. दवाखान्यातून आल्यावर पाऊण तासात सगळा माल पोचायचा. मंगळवारीही पोचला. बुधवारी सिमेंट भरायला कारखान्यात एकही डबा नव्हता आणि बंदरावर गाडी शिरायला रूळ मोकळा नव्हता. माल उतरवून झालेले डबे तिथेच अडकून पडले होते. रिकाम्या डब्यांना चिठ्ठी नसते, म्हणून ते नियोजनात आलेच नव्हते. कवळीवाल्यांनी बंदरावरचे रिकामे डबे मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊच. मग चारही स्टुलं पुसली आणि गृहस्थांना फोन लावला. तो सुनेनं उचलला, आणि "बाबा, तुमचे रेल्वेवाले," असं ओरडून त्यांना दिला.

"तुमच्या आखणीत एक चूक निघाली," कवळीवाले म्हणाले. एवढ्या आनंदात ते कधी कुणाला चूक सांगत नसत. "बंदर तुंबलंय. येऊन बघायला हवं."

"अरेच्चा! रिकामे परत पाठवायचे राहिले. माझंच चुकलं. पण त्यासाठी यायला कशाला हवं? आकडे सांगा, इथूनच मांडून देतो. यार्डात किती रूळ मोकळे?"

"दोन."

"वखारीत डबे किती?"

"पाच."

"कवळी झकास बसलीय हां, सांगायचं राहिलं. काही कुरकुर नाही. बरं, बंदरावर रिकामे किती?"

कवळीवाल्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"सहा," ते म्हणाले.

"मग सोपं आहे. लिहून घ्या." गृहस्थ चार मिनिटं सांगत राहिले. कवळीवाल्यांनी शब्द न् शब्द उतरवला, दोनदा मुद्दाम पुन्हा विचारलं.

"उद्या असं करून बघा," गृहस्थ म्हणाले. "जमायला हवं. नाहीच जमलं तर करा फोन."

"करतो," कवळीवाले म्हणाले. "साधारण याच वेळेला करतो."