ताईला आणायला मिसिसिपीला

मेम्फिसहून निघालेली बस दक्षिणेला वळली आणि टेकड्या संपल्या. पुढे दोन्ही बाजूंना नुसता कापूस. चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. जमीन इतकी सपाट की समोरून येणारा ट्रक आधी बराच वेळ दिसायचा आणि मग कधीतरी यायचा. मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून निघालो होतो तो माझ्या मोठ्या बहिणीला, कुमुदताईला, या मुलखातून सोडवून न्यायला. ‘सोडवून’ हा शब्द माझा. तिने मला बोलावलं नव्हतं. नागपूरला डॉक्टर झालेली ताई आठ वर्षांपूर्वी इथल्या एका लहान गावात आली, कारण इथे यायला दुसरा डॉक्टर तयार नव्हता. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेले, तरी बाई हलायला तयार नाही. मी आमच्याकडच्या एका हॉस्पिटलात तिच्यासाठी जागासुद्धा बघून ठेवली होती.

ताई न्यायला आली होती. गावात शिरताच कोर्टापुढे संगमरवरी शिपाई दिसला. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या आणि हरलेल्या फौजेचा! हरलेल्यांचं एवढं कौतुक मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पुढे कुंपणात गवताचा एक लांबट तुकडा होता आणि त्याच्या कडेला एक गंजकी शिडी जमिनीत शिरली होती.

“हे काय?”

“पोहण्याचा तलाव. काळ्या मुलांनाही आत घ्या असा हुकूम आला, तेव्हा मायबाप नगरपालिकेने माती टाकून बुजवला. म्हणजे कोणीच पोहायला नको.”

“आणि अशा गावात तू राहतेस?”

“भूक लागली असेल तुला,” ताई म्हणाली.

तिने मला मिस्टर वाँग यांच्या किराणा दुकानात नेलं. वाँग यांचे आजोबा चीनहून आले, हे मात्र इथेच जन्मलेले. बोलण्याला अस्सल दक्षिणी हेल. ताईसाठी ते मागच्या अंगणात कोथिंबीर लावतात. दुकानाबाहेरच्या गाडीवर गरम तमाले (मक्याच्या पिठात तिखट मांस भरून, कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेली वळकटी) मिळाले. चव फर्मास होती. पण मी नाक मुरडायला आलो होतो, त्यामुळे तसं म्हणालो नाही.

दवाखान्याला दोन दारं होती. आधीच्या डॉक्टरच्या काळात एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं. ताईने आल्या आल्या मागचं दार बंद करून सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. पुष्कळ गोरे पेशंट गेले; काही, दुसरा डॉक्टर नाही म्हणून, मुकाट्याने परतले. सगळा कारभार मिस अर्लीन (इथे लग्न झालेल्या बाईलाही आदराने ‘मिस’ म्हणतात) या साठीच्या काळ्या नर्सबाईंच्या हातात होता. त्या मला “डॉक्टरांचं बाळ” म्हणायच्या. मी छत्तीस वर्षांचा!

रविवारी मिस्टर हॉलिस यांनी आम्हाला कंट्री क्लबात जेवायला बोलावलं. दवाखान्याची इमारत त्यांची. हिरवळ, पांढरे खांब, आणि चहा ओतणारे सगळे हात काळे. मिसेस हॉलिस ताईकडे झुकून म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हाला मेंबर करून घ्यायचं ठरलंय. मी कमिटीला समजावलं, हे इंडियन लोक मूळचे आर्य. आपल्यातलेच!”

लाज वाटते सांगायला, पण मला क्षणभर बरं वाटलं.

“मेंबरला पाहुणे आणता येतात ना?” ताईने विचारलं.

“अर्थात!”

“मग पुढच्या रविवारी मी मिस अर्लीनना आणते.”

हॉलिस घसा खाकरून म्हणाले, “फार भली बाई. पण तिला इथे अवघडल्यासारखं होईल.”

“मलाही होतंय,” ताई म्हणाली आणि उठली. मी हातातला पाय (इथला गोड पदार्थ) टाकून तिच्यामागे निघालो.

मंगळवारी दवाखान्याच्या दाराखालून चिठ्ठी आली: पंधरा दिवसांत जागा खाली करा. मला आनंदच झाला.

“सुटलीस, ताई! आता सामान पॅक करू.”

“मी येणार नाही, शरद.”

“अगं, काय आहे इथे? ही माणसं तुला रस्त्यावर काढतायत!”

“ही माणसं म्हणजे एकटा हॉलिस. गाव त्याच्या बापाचं नाही.” तिचा आवाज चढला. “मला या गावाचा रोज संताप येतो. तुझ्या ॲन आर्बरचा मला संतापही येत नाही. मी काय करू तिथे?”

संध्याकाळी मिस्टर वाँग आले. दुकानाला लागून त्यांचं रिकामं गोदाम होतं. “डॉक्टर, छत गळतं. पण छत माझं आहे,” म्हणाले.

शनिवारी सामान हललं. कापडवाले मिस्टर हबीब (मूळचे लेबनॉनचे) ट्रक घेऊन आले. मिस अर्लीनचा नवरा चर्चमधली चार माणसं घेऊन आला. शेवटी एक म्हातारा गोरा शेतकरी न बोलावता येऊन उभा राहिला.

“एकच वेटिंग रूम मला अजून पसंत नाही, डॉक्टर,” तो म्हणाला. “पण माझं ब्लडप्रेशर तुम्हालाच कळतं.” आणि त्याने अर्लीनच्या नवऱ्याबरोबर लोखंडी कपाट उचललं. दोघे पायरीवरून एकमेकांना शिव्या घालत उतरले.

मी तपासणीचं टेबल उचलायला गेलो आणि माझी कंबर धरली. नव्या दवाखान्याचा पहिला पेशंट मीच! दुपारी गोदामात पंगत बसली: अर्लीनबाईंची पालेभाजी, मक्याची भाकर आणि ताईचं पिठलं. हबीब यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. शेतकरी ताट घेऊन दूर दारात बसला, पण जेवला.

सोमवारी मी परतलो आणि ताईची हॉस्पिटलातली जागा कॅन्सल केली. त्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात देशपांडेकाकांनी विचारलं, “कशी राहते रे ती त्या लोकांत?” मी क्लबची हकीकत सांगितली. सगळे चुकचुकले. हबीब आणि वाँग यांच्याबद्दल सांगायला लागलो, तोवर मंडळी घरांच्या भावांवर घसरली होती.

आमची वस्ती छान आहे. घर घेताना एजंट हसून म्हणाला होता, “इथे शेजार चांगला आहे.” कोण नाही म्हणून चांगला, हे मी त्याला विचारलं नव्हतं. मला ते कळलं होतं, आणि मी सही केली होती.