सोनीला आईपण शिकवताना

कुत्रीला आई कसं व्हायचं हे शिकवायला निघालेला अमरावतीतला मी बहुधा एकमेव निवृत्त हेडमास्तर.

सोनी आमची गावठी कुत्री. सहा वर्षांपासून घरात आहे. तिला चार पिल्लं झाली, तीन लोकांनी नेली आणि टिल्लू तेवढा उरला. सव्वा महिना सगळं झकास चाललं. मग एका सकाळी टिल्लू दूध प्यायला गेला, तर सोनीनं गुरगुरत त्याचं अख्खं तोंड जबड्यात धरलं! तो असा केकाटला की माझ्या कपातला चहा बशीत आला.

"मंदे, धाव! सोनी पोराले खाऊन राहिली!"

"खायाचंच असतं त सव्वा महिना कायले थांबली असती?" स्वयंपाकघरातून आमची बायको. (ती कशालाच घाबरत नाही. माझ्याशी लग्न केलं तिनं.)

पण सख्खी आई असं काहून करते? मला राहवेना. मी अंगणात स्टूल टाकून निरीक्षणाला बसलो. दुपारपर्यंत सोनी नऊ वेळा गुरगुरली, दोनदा तिनं त्याला पंजाखाली दाबलं. मी निष्कर्ष काढला : बाळंतिणीला दूध कमी पडतंय! त्यावर आमच्या घराण्यात एकच औषध, अळिवाची खीर. मी स्वतः रांधली. सोनीनं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. तीन दिवस दोन्ही वेळ हाच बेत.

चौथ्या दिवशी तिचं अंग दुधानं असं तटतटलं की बिचारीला धड बसता येईना. आता टिल्लू लांबून दिसला तरी दात!

मी घाबरलो. भातकुलीत शेती करणाऱ्या साळ्याला, मंदाच्या भावाला, फोन लावला. "सोनीले वावरात घेऊन जा बाप्पा. इथं राहिली त पिल्लू मरन."

"उद्या सकाळी गाडी आणतो, भाऊजी."

फोन ठेवला तर सोनी माझ्या पायाशी येऊन बसलेली. सहा वर्षांचा लळा. ठरवलं, ती जायच्या आधी एक शेवटचा प्रयत्न करू.

मी सोनीचं डोकं काखेत घट्ट धरलं अन् टिल्लूला म्हटलं, "पी बेटा, मी हाओ!" त्याला नीट सापडेना म्हणून बोटानं जागा दाखवायला गेलो. त्यानं बोटच पकडलं. कचकन! सुयाच होत्या तोंडात!

माझी बोंब ऐकून शेजारच्या शकीलाबी भिंतीवरून डोकावल्या. त्यांच्याकडे दहा-बारा बकऱ्या आहेत. "काय झालं गुरुजी? सोनी चावली?"

"नाई... टिल्लू."

"या अल्ला! एक डाव चावला त तुमी एवढे बोंबलले! तिले दिसभर चावते तो. दात आले त्याले, म्हणून दूध तोडून राहिली ती. माह्या बकऱ्या त लात हाणतात! पाहा बरं, पिल्लाच्या अंगावर ओरखडा हाये का एक तरी?"

मी टिल्लूला उलटासुलटा करून पाहिला. ओरखडा नव्हता. रक्त माझंच होतं.

"त्याले पोळी कुस्करून द्या," शकीलाबी म्हणाल्या, "अन् तिची खीर बंद करा!"

मंदा दारात उभी होती. "तीस वर्षं पोरायचे कान पिळले तुमी. तवा कोणी तुमाले भातकुलीले धाडलं का?"

सकाळी साळा आला, चहा प्यायला, माझ्या बोटाकडे बघून हसला आणि गाडी रिकामी घेऊन गेला. सोनीला मी ओट्यावर पोतं टाकून दिलं, तिथं टिल्लूला चढता येत नाही. आता ती मनात आलं की खाली उतरते, त्याचे कान चाटते आणि तो फार अंगाशी आला की एकदा गुरगुरते. टिल्लू लगेच शहाण्यासारखा बाजूला होतो.

चाव्याची इंजेक्शनं घ्यायला गेलो तेव्हा दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "केवढं होतं कुत्रं?" मी दोन्ही हात फाकवणार, तेवढ्यात मंदानं वितीनं माप दाखवलं. आईच्या एका गुरगुरीत जे त्या वीतभर पिल्लाला कळलं, ते या हेडमास्तराच्या डोक्यात शिरायला दंडात चार सुया टोचाव्या लागल्या!